युद्धवार्ताहरांवरील चित्रपट पाहू लागताना

यादवी युद्धे टिपणाऱ्या पत्रकारांवरचे चित्रपट तुम्हाला पाहायचे असतील, तर सुरुवात 'द किलिंग फील्ड्स' (१९८४) पासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र दादरला आपल्या फिल्म सोसायटीच्या खेळाला येण्याआधी कंबोडियाचा १९७० ते १९७५ हा काळ थोडक्यात वाचून या. लॉन नोल यांचे अमेरिकेच्या पाठिंब्यावरचे सरकार आणि ख्मेर रूज हे कम्युनिस्ट बंडखोर यांच्यातील संघर्ष ठाऊक नसेल, तर १७ एप्रिल १९७५ रोजी राजधानी नोम पेन्ह ख्मेर रूजच्या हाती पडल्यावरचा क्षणिक आनंद आणि लगेच सक्तीने रिकामे केले जाणारे शहर यांचा अर्थ लागणार नाही.

अमेरिकी वार्ताहर सिडनी शॅनबर्ग यांच्यापेक्षा त्यांचे स्थानिक सहकारी डिथ प्रान यांच्यावर लक्ष ठेवा. प्रान यांना वाचवण्यासाठी फ्रेंच वकिलातीत बनावट पासपोर्टचे छायाचित्र तयार केले जाते, चेहरा उमटतो आणि मग पुसट होत नाहीसा होतो. छायाचित्रणाच्या मर्यादेचे इतके जिवंत चित्रण मला अन्यत्र आढळलेले नाही. प्रान यांची भूमिका करणारे हैंग न्गोर हे स्वतः ख्मेर रूजच्या राजवटीतून वाचलेले डॉक्टर होते, त्यांनी त्यापूर्वी अभिनय केलेला नव्हता, आणि त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.

त्यानंतर 'अंडर फायर' (१९८३) पाहा. त्यात निकाराग्वातील मृत बंडखोर नेता जिवंत भासेल असे छायाचित्र एक छायाचित्रकार काढतो. पत्रकाराने बाजू घ्यावी का, यावर आपल्या सोसायटीत तावातावाने चर्चा होते. तिच्यात नवखेपणाचा संकोच न बाळगता बोला. एल साल्वाडोरमधील यादवीवरचा 'साल्वाडोर' (१९८६) नंतर सवडीने पाहिला तरी चालेल.