ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या लुत्रो गावात बघण्यासारखं काय आहे? आईवडिलांना घेऊन एका दिवसात जाऊन येता येईल का? शाकाहारी जेवण मिळतं का?

येईल. हानिया शहराहून बसने डोंगर ओलांडून होरा स्फाकिओन हे किनाऱ्यावरचं गाव, तिथून बोटीने वीसेक मिनिटं. पण ‘बघण्यासारखं काय’ हे आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

साडू जर्मनीत असतात. क्रीटची सहल त्यांनीच आखली होती, एक्सेलमध्ये, तासातासाचे रकाने पाडून. त्यात लुत्रोच्या वाट्याला दोन तास. मी म्हटलं, मुक्काम करू. तर म्हणाले, "अहो, जिथे गाडीरस्ता नाही तिथे राहायचं? आईंना झेपायला नको?" आई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. लुत्रोला उतरल्यावर साडूंनी डावीउजवीकडे पाहिलं. अर्धगोल खाडी, कडेने पांढरी घरं, निळ्या खिडक्या, मागे उघडाबोडका डोंगर. "झालं बघून," म्हणाले आणि कॉफी मागवली. परतीच्या बोटीला सासूबाई उठल्याच नाहीत. "तुम्ही व्हा पुढे, मी यांच्याबरोबर राहते." त्या बोटीने साडूंचं कुटुंब गेलं, आम्ही राहिलो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना छोट्या बोटीने ग्लिका नेराच्या किनाऱ्यावर नेलं. होरा स्फाकिओन आणि लुत्रोच्या मधे उभ्या कड्याखाली हा गोट्यांचा किनारा आहे. लाटेपासून चार पावलांवर हाताने खड्डा करायचा. आधी नुसती ओल लागते, मग तळाशी पाणी साचायला लागतं. गार आणि चक्क गोड. वर लेफ्का ओरी पर्वतावर बर्फ पडतो, त्याचं पाणी चुनखडीत मुरत मुरत इथे समुद्राच्या काठाशी निघतं. सासूबाईंनी ओंजळभर चाखलं, बाटलीतलं विकतचं पाणी ओतून दिलं आणि खड्ड्याशी फतकल मारून वाटीवाटीने बाटली भरत बसल्या. एक्सेलमध्ये याचा रकाना नव्हता.

आता इतिहास. इथे मला एक जुनं भांडण मिटवायचंय. साडू प्रत्येक कौटुंबिक जेवणात सांगतात की ख्रिस्ती धर्माचे प्रचारक सेंट पॉल लुत्रोला राहून गेले. साफ चूक! बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय उघडा. कैदी पॉलला रोमला नेणारं जहाज क्रीटच्याच दक्षिण किनाऱ्यावर थांबलं होतं. ते बंदर हिवाळा काढायला बरं नव्हतं, म्हणून पुढे फिनिक्स गाठायचं ठरलं. फिनिक्स म्हणजे हाच लुत्रोचा परिसर. मंद दक्षिण वारा बघून निघाले आणि वाटेत ईशान्येकडून वादळ आलं. जहाज कौदा बेटाच्या, म्हणजे आजच्या गावदोसच्या, आडोशाने वाहत गेलं आणि शेवटी माल्टाला फुटलं. माणसं सगळी वाचली, 276. फिनिक्स काही त्यांना गाठता आलं नाही. लुत्रोच्या वर तुर्की कोटाचे अवशेष आहेत. हवा स्वच्छ असेल तर तिथून दक्षिणेला गावदोस दिसतं आणि सगळा घोळ डोळ्यांसमोर मांडलेला असतो. साडू कोटापर्यंत चढलेच नव्हते.

म्हणजे इथे बघायचं ते बंदर. समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक वारा अडवतं, म्हणून दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्यात जहाजं इथे आणून ठेवत. स्फाकियातले, म्हणजे या भागातले, लोक याच जोरावर जहाजमालक झाले. हानियाच्या विमानतळावर ज्याचं नाव वाचाल तो दास्कालोयान्निस त्यांच्यातलाच, लुत्रोच्या डोक्यावरच्या आनोपोली गावचा. 1770 मध्ये रशिया मदतीला येईल या भरवशावर त्याने क्रीटवर राज्य करणाऱ्या तुर्कांविरुद्ध उठाव केला. मदत आली नाही. 1771 मध्ये इराक्लिओ शहरात त्याची जिवंतपणी कातडी सोलली. आनोपोलीच्या चौकात त्याचा पुतळा आहे. लुत्रोहून नागमोडी पायवाट वर जाते, चढ जवळपास 600 मीटरचा आहे आणि सावली नावाला नाही. पहाटे निघालात तरच जा. होरा स्फाकिओनच्या धक्क्यावर 1941 चं स्मारकही बघा. जर्मनांनी क्रीट घेतल्यावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांना रात्री-रात्री इथूनच जहाजांवर चढवलं होतं. सगळ्यांना जागा मिळाली नाही. हजारो मागे राहिले आणि कैद झाले.

शाकाहाराची काळजी सोडा. बटाटा, झुकिनी आणि मिझिथ्रा चीज घालून केलेलं बुरेकी, कडक टोस्टवर टोमॅटो-चीज घातलेला दाकोस, उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. आणि स्फाकियाची पिता चुकवू नका. मिझिथ्रा भरून पातळ लाटतात, तव्यावर भाजतात, वरून मध. पुरणपोळीची दूरची बहीण म्हणा. फक्त ऑर्डर देताना ‘मांस नाही, मासा नाही’ दोन्ही सांगा, मासा वेगळा धरतात.

आईवडिलांचं म्हणाल तर काठावरची वाट सपाट आहे, पण बऱ्याच खोल्यांना जिने आहेत, तेव्हा खालचीच खोली मागा. होरा स्फाकिओनहून चालत यायची पायवाट त्यांच्यासाठी नाही, काही ठिकाणी ती कड्याला चिकटून जाते. गुडघे फारच दुखत असतील तर ग्लिका नेराचे गोटेही त्रास देतील. हिवाळ्यात जाऊ नका, जवळपास सगळं बंद असतं. वारा वाढला की बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी लुत्रो ठेवू नका. आणि एका दिवसात उरकायचंच असेल तर निदान सकाळच्या पहिल्या बोटीने जा. दोन तासांत नुसती कॉफी होते.