लेबल लावा, मगच पेटी बंद करा

तुम्ही स्वतः बनवत असलेलं पहिलं गिटार किंवा व्हायोलिन पूर्णत्वाला येतंय म्हणता, तर आत चिकटवायचं, बनवणाऱ्याचं नाव सांगणारं लेबल आत्ताच करून ठेवा. पेटी, म्हणजे वाद्याचा पोकळ भाग, बंद झाल्यावर छिद्रातून चिमट्याने ओला कागद सरळ चिकटवणं म्हणजे नसती डोकेदुखी. गिटारला लेबल स्वरछिद्राच्या खाली, पाठीच्या आतल्या बाजूला येतं. व्हायोलिनला मात्र खर्जाच्या तारेकडच्या एफ-छिद्रातून (इंग्रजी f च्या आकाराच्या छिद्रातून) दिसेल असं लावतात, कारण दुसऱ्या बाजूला साउंडपोस्ट, म्हणजे आतला छोटा लाकडी खांब, असतो. कोरा कागद ठेवून, वरचा भाग नुसता टेकवून आत डोकावून बघा, मग पेन्सिलीने खूण करा.

कागद आम्लमुक्त हवा. साध्या इंकजेटची शाई ओल लागली की पसरते. लेझर प्रिंट किंवा पिगमेंट शाई बरी. चिकटवायला पातळ सरस, तोही बेताने. पुढेमागे लेबल काढावं लागलं तर ओलाव्याने सुटतं.

मजकूर थोडका ठेवा: नाव, गाव, साल, क्रमांक. नक्षीची हौस आवरा! प्रसिद्ध इटालियन व्हायोलिन कारागीर स्ट्रॅडिव्हरीच्या लेबलावर नाव, गाव, साल आणि बाजूला एक शिक्का, बस्स. सालाचे शेवटचे आकडे तर हाताने लिहिलेले. तुम्हीही साल आणि क्रमांक हातानेच लिहा, म्हणजे एकदा छापलेली लेबलं वर्षानुवर्षं चालतील.

लेबलं निघतात, बदललीही जातात. 19व्या शतकात कारखान्यांतल्या असंख्य व्हायोलिनांत स्ट्रॅडिव्हरीच्या नावाची लेबलं सर्रास चिकटवली गेली. म्हणून पेटी बंद करण्याआधी वरच्या फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने सही आणि तारीख टाकाच.