न बोललेलं वाक्य

प्रश्न: वक्तृत्व स्पर्धेत मी म्हणाले, "आमच्या गावात अभ्यासिका हवीच, बारावीची पोरं रात्री एसटी स्टँडच्या दिव्याखाली अभ्यास करतात." परीक्षकांनी 'तर्क अर्धवट' म्हणून मार्क कापले. पण अ‍ॅरिस्टॉटलने अशा तर्काचं कौतुक केलंय असं वाचलं. मग चुकलं कुठे?

उत्तर: तर्क वाईट नाहीये हो, फक्त त्यातली एक-दोन वाक्यं तुम्ही ऐकणाऱ्यावर सोडलीत. ग्रीकांकडे याला नाव होतं, एन्थिमीम, आणि इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या 'ऱ्हेटरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथात अ‍ॅरिस्टॉटल त्याला पटवून देण्याच्या कलेचं शरीरच म्हणतो. त्याने दिलेलं उदाहरण बघा: डोरियस नावाच्या खेळाडूला मुकुट मिळाला हे पटवायचंय ना, मग तो ऑलिंपियाच्या खेळांत जिंकला एवढं म्हणा, बास, तिथे मुकुट देतात हे वेगळं सांगायला नको कारण ते सगळ्यांना माहितीये. म्हणजे मधलं वाक्य ऐकणारा स्वतःच मनात भरतो, आणि स्वतः भरलं म्हणून त्याला ते पटकन पटतं. पण हेच आज तुमच्या वर्गात म्हणून बघा, सगळे मेडलच समजतील! तिथे जंगली ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळायचा हे किती जणांना माहीत असतं? वाक्य तेच, ऐकणारे बदलले की तर्क लंगडा पडतो.

बऱ्याच गाइडमध्ये 'एक वाक्य गाळलेला तर्क' एवढीच व्याख्या असते, ती मला अपुरी वाटते. अ‍ॅरिस्टॉटलचा खरा भर गाळण्यावर नाही, तर बहुतेक वेळा खरं ठरणाऱ्या गोष्टींवर आणि खुणांवर आहे. बाईला दूध येतंय म्हणजे ती बाळंत झालीये, ही खूण तो पक्की धरतो, पण श्वास जोरात चाललाय म्हणजे ताप आहे, ही कच्ची, कारण ताप नसतानाही धाप लागतेच की. न बोललेलं वाक्य कागदावर लिहून काढलं की असली कच्ची खूण लगेच दिसते.

तुमचं काढूया. एक, या पोरांच्या घरी अभ्यासाला जागा नाही. दुसरं, ती सोय करणं गावाचं काम आहे. पहिलं तुमच्या गावात कुणालाही सांगावं लागणार नाही, पण बाहेरून आलेल्या परीक्षकांना ते कसं कळणार, त्यांना वाटलं असेल पोरं गप्पा मारायला जमतात. दुसऱ्यावर तर गावातसुद्धा वाद होईल, म्हणून ते गाळूच नका. पुढच्या वेळी आधी एखाद्या घरात खोल्या किती आणि माणसं किती ते सांगा, मग स्टँडचा दिवा आणा.