लाल पारा: नाव आहे, पदार्थ नाही

प्रश्न: 'लाल पारा' नावाचा एक पदार्थ चिमूटभर वापरला तरी लहानसा अणुबॉम्ब तयार होतो आणि बड्या राष्ट्रांनी तो दडवून ठेवला आहे, असे ऐकले. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर: तांबडी पाऱ्याची संयुगे अवश्य आहेत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड तांबडेच असते, मर्क्युरिक आयोडाइडही तसेच. पण आपण ज्याविषयी विचारता, तो शस्त्रांना बळ देणारा 'लाल पारा' अस्तित्वात असल्याचा कोणताही पुरावा नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथील शस्त्रास्त्रे चोरट्या बाजारात येतील, ही भीती जगभर पसरली होती आणि याच काळात या नावाचा गवगवा सर्वाधिक झाला. न्यूट्रॉन बॉम्बचे जनक मानले जाणारे सॅम्युअल कोहेन यांनीही या दाव्याची पाठराखण केल्यामुळे त्याला वजन आले. मात्र आपल्या विषयातल्या जाणकाराचीही फसगत होऊ शकते.

हा दावा मुळातच टिकत नाही, याचे कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. रासायनिक स्फोटात अणूंमधले बंध तुटतात आणि नवे जुळतात; त्यातून प्रत्येक अणूमागे फार तर काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा मिळते. युरेनियमचे एक अणुकेंद्र फुटले, तर सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. म्हणूनच एक किलो युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाल्यास ते तेवढ्याच वजनाच्या टीएनटी या रासायनिक स्फोटकाच्या जवळजवळ दोन कोटी पट ऊर्जा देते. हायड्रोजन बॉम्बमधील संमीलन, म्हणजे हलकी अणुकेंद्रे एकत्र जुळण्याची क्रिया, पेटवण्यासाठी कोट्यवधी अंश तापमान लागते आणि ते मिळवण्यासाठी आतच एक अणुबॉम्ब फोडावा लागतो. हे काम एखादे संयुग करील, असे म्हणणे म्हणजे आगपेटीतल्या काडीने पोलाद वितळवण्यासारखे आहे, मग त्या संयुगाचा रंग कोणताही असो.

पकडलेल्या मालाची तपासणी झाली तेव्हा नेहमीचाच पारा, रंग मिसळलेला पारा किंवा साधी पारदसंयुगे हाती लागली. तरीही अफवा थांबल्या नाहीत. २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगर शिवणयंत्रांत लाल पारा असल्याची आवई उठली आणि धूळ खात पडलेल्या यंत्रांचे भाव हजारो रियालपर्यंत चढले. सुईजवळ मोबाइल धरून पारा 'ओळखण्याची' कृतीही तेव्हा सांगितली जात होती!

सर्वांत नवलाचा प्रसंग लंडनमधला. वार्ताहराने रचलेल्या सापळ्यानंतर लाल पारा विकत घेण्याचा कट केल्याच्या आरोपावरून तिघांवर ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. मुळात असा पदार्थ आहे की नाही, हा प्रश्न या खटल्यात गैरलागू आहे, असे सरकार पक्षाने ज्यूरीला सांगितले. २००६ मध्ये तिघेही निर्दोष सुटले.