नाशिकमध्ये पालकांना स्वतःसाठी समुपदेशन मिळतं का?
बाळ ४ महिन्यांचं, थोरली नववीत, आणि तुम्ही विचारताय समुपदेशन लेकीला हवं की तुम्हाला. आधी तुम्हाला. बाळंतपणानंतरचं उगाच रडू येणं साधारण २ आठवड्यांत ओसरतं. अजूनही बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप येत नसेल, कशात मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. उपचारांनी बरं होतं, अंगावर काढू नका. ('आम्ही नाही का पोरं वाढवली' हे ऐकावं लागेलच!) त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. बाहेर पडणं जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच. लेकीच्या मोबाइल वापरावरून होणाऱ्या भांडणाचं थोडं नंतर बघता येईल. तिच्यासाठी जाल तेव्हा तिच्या बाबांनाही सोबत न्या.