डिफेंडर ट्रोजन डाउनलोडर काढतो, पण रिस्टार्ट केलं की परत येतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय डिफेंडरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, तीनदा रिमूव्ह दाबलं, सगळं ठीक असल्याची हिरवी खूण आली आणि मशीन चालू केलं की पुन्हा तोच इशारा. मी यातून गेलोय. एका विकतच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक शोधत होतो, फाइलसोबत सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा, आणि ती मी इमानदारीत पाळली :) पुढच्या दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो, नाहीतर रिमूव्ह दाबत बसाल. ट्रोजन म्हणजे साध्या फाइलचं सोंग घेऊन आत येणारा घातक प्रोग्राम, आणि त्यातला डाउनलोडर स्वतः फारसं काही चोरत नाही. बहुतेक वेळा छोटीशी फाइल किंवा चार ओळींची स्क्रिप्ट असते, तिचं काम एकच, बाहेरच्या सर्व्हरला हाक मारायची आणि तिथून खरा माल आणून चालवायचा. घरातल्याच कुणीतरी आतून कडी काढून द्यावी तसं. त्यामुळे डिफेंडर ज्याचं नाव घेतोय तो कडी काढणारा, आणि तो पकडला तरी आत शिरलेले कोण आणि किती ते वेगळंच बघावं लागतं. इमोटेटचं उदाहरण घ्या, 2014 मध्ये तो बँकेची माहिती चोरणारा ट्रोजन म्हणून सापडला, पुढे त्याचा धंदाच दुसऱ्यांचा माल पोचवायचा झाला, त्याच्यामागून ट्रिकबॉट नावाचा दुसरा ट्रोजन यायचा आणि कधीकधी त्याच्यामागून रयुक हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम. जानेवारी 2021 मध्ये बऱ्याच देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत हजर!

आत येतो कसा, तर पूर्वी मेलमधलं बिल उघडा, वर एनेबल कंटेंट दाबा, मॅक्रो, म्हणजे ऑफिसच्या फाइलमध्ये दडलेला छोटा प्रोग्राम, चालला की खेळ खलास. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या ऑफिस फाइल्सचे मॅक्रो मुळातच ब्लॉक केले, मग ही मंडळी झिपमधले शॉर्टकट, आयएसओ (डिस्कची नक्कल असलेल्या) फाइल्स, वननोटच्या फाइल्स असल्या वाटांनी यायला लागली. हल्लीचा प्रकार तर मला सगळ्यात बेरकी वाटतो, एखादं पान "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणतं, मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, कंट्रोल व्ही करा, एंटर मारा. पानाने तोवर गुपचूप पॉवरशेलची, म्हणजे विंडोजला थेट हुकूम द्यायच्या प्रोग्रामची, कमांड कॉपी करून ठेवलेली असते, म्हणजे डाउनलोडर तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. असं काही केलंय का ते आठवा.

आता काढायचं कसं. सगळ्यात आधी नेट तोडा, वायफाय बंद, केबल असेल तर ती पण काढा, कारण नेट नसलं की तो नवीन काही आणू शकत नाही. मग विंडोज सिक्युरिटीत प्रोटेक्शन हिस्ट्री उघडून फाइलचा पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता, वाचा, हे कुणी करतच नाही. पाथ ब्राउझरच्या कॅशमधला किंवा डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या झिपचा असेल तर बहुधा तो चाललेलाच नाही, झिप उडवा. पण ॲपडेटा किंवा टेम्प (प्रोग्राम आपल्या आतल्या आणि तात्पुरत्या फाइल्स ठेवतात ते फोल्डर) यांमध्ये तीच फाइल परत परत उगवत असेल तर दुसरं कुणीतरी ती तिथे आणून ठेवतंय.

ते शोधायला मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट टूल आहे, मशीनवर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी ते दाखवतं, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पेनड्राइव्हवर आणा. ॲडमिन म्हणून चालवा, मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवायचा पर्याय निवडा, मग जे उरतं त्यात विचित्र नावं, ॲपडेटातले पाथ आणि पॉवरशेलला लांबलचक अगम्य अक्षरं देणाऱ्या ओळी बघा. लगेच डिलीट करू नका, आधी नुसती टिक काढा, चुकून कामाचं काही निघालं तर परत लावता येतं. माझ्या बाबतीत चोर शेड्युल्ड टास्कमध्ये, म्हणजे विंडोज आपोआप चालवतं त्या नेमून दिलेल्या कामांत होता, नाव असं साळसूद की अपडेटचंच वाटावं, दर लॉगिनला फाइल परत उतरवायचा. आणि डिफेंडरच्या एक्सक्लूजनची यादी जरूर उघडा, हे पठ्ठे स्वतःचा फोल्डर तिथे घालून ठेवतात म्हणजे स्कॅन तिकडे फिरकतच नाही. माझ्याकडे अख्खा सी ड्राइव्ह घातलेला होता.

हे साफ केल्यावर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा, मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधीच तो तपासतो, 15 मिनिटं वगैरे लागतात. जोडीला मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर, तोही पेनड्राइव्हवरूनच, पण ताजा उतरवा कारण 10 दिवसांनी त्याची मुदत संपते.

पासवर्ड त्याच मशीनवरून बदलू नका हं, फोनवरून बदला, आधी मेलचा मग बँकेचा, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी, चोरल्या असतील तर चोराला पासवर्ड लागतच नाही, ओटीपी पण नाही.

खरं सांगू का, फाइल चालली होती हे नक्की असेल आणि त्या मशीनवर बँकेचं काम होत असेल तर मी सरळ फॉरमॅट मारीन. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाजूला काढा, सेटअपच्या फाइल्स नकोत, इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर बनवा. त्याआधी एकदा प्रोटेक्शन हिस्ट्रीतला पूर्ण पाथ मला लिहून कळवा, त्यात तुमचं नाव येत असेल तर तेवढं खोडा, चाललाय की नुसता पडून आहे ते त्यावरून बरंचसं कळेल.