सुईचं भोक बुजत नाही

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

वडिलांचं चामड्याचं जॅकेट तुझ्या मापाला सैल न करता मी परत दिलं, म्हणून तुझा चेहरा उतरला. काल रात्रभर तेच डोक्यात होतं. दुकानात गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते. उसवलं की धागे सरकतात, जागा भरून येते. चामड्यात सुई जाते ती कातडं कापूनच. ते भोक बुजत नाही. इस्त्रीनं नाही, पॉलिशनं नाही, कुणाच्या हातगुणानंही नाही. म्हणून तर लेदर शिवताना आम्ही टाचणी लावत नाही, चिमटे लावतो.

वडील सडपातळ होते, तुझी पाठ तालमीत भरली. कुणीतरी तुला सांगितलं की माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेली जादा कड, सोडली की झालं. अरे, माया असते केवढी? जेमतेम सेंटीमीटरभर, तीही सोल्युशन लावून हातोडीनं ठोकून बसवलेली. सोडलीस तर जुन्या भोकांची रांग छातीशेजारी उघडी पडेल आणि तिच्या कडेला न विटलेला गडद पट्टा दिसेल. आणि तू म्हणालास, पाठ मधोमध कापून पट्टी घाला. ती पाठ अखंड कातड्याची आहे. अखंड पाठ मी कापत नाही. कुणी दुप्पट पैसे दिले तरी नाही. लोक म्हणतात, म्हातारा हट्टी, आलेलं गिऱ्हाईक परत लावतो. लावतोच. कापलेलं परत आणून देणारा मला अजून कुणी भेटला नाही.

वाट आहे, पण ती शिवणीतूनच. अस्तर खालून सोडायचं, बगलेची शिवण काखेपर्यंत उसवायची, तशीच पुढं बाहीच्या खालच्या बाजूला जायचं आणि दोन्हीकडं निमुळती पट्टी बसवायची. नवा टाका जुन्याच भोकांतून, हातानं, दोन सुयांनी. मशीनवर घातलं की शेजारी नवी भोकं पडतात आणि कड टपाल तिकिटासारखी फाटायला तयार होते. घाईत हे होत नाही. आधी मांजरपाटाची पट्टी जुन्याच भोकांतून टाचून, हात वर करून, बुलेटचं हँडल धरल्यासारखं बसून बघायचं. तेवढ्यानं काख आणि छाती सुटेल. खांदा मात्र रुंद होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पट्टीला आपलं कोल्हापुरी चपलांचं कातडं नको. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं पायाखाली नंबर एक, पण काखेत ताठ राहील. जॅकेटचं चामडं क्रोमच्या क्षारांत कमावलेलं, मऊ. तसलंच आणि तेवढ्याच जाडीचं हवं. रंग तंतोतंत जुळणार नाही. जुळवायचा आटापिटा करू नकोस. इतक्या वर्षांचं ऊन वडिलांनी अंगावर घेतलंय, ते नव्या तुकड्यात कुठून येणार?

आणि 'मग ट्रंकेत ठेवतो' हे पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. माझा थोरला भाऊ गेल्यावर आईनं त्याचं जॅकेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. कोल्हापूरचा पावसाळा तुला माहीत आहे. बाहेर काढलं तेव्हा आत बुरशी, घड्यांवर चिरा. अंगात घालावं असं मला फार वाटत होतं, आईसमोर तोंड उघडलं नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. तुझ्या आईला कात्रीची भीती वाटते, ती रास्त आहे. तिला सांग, कात्री लागणार नाही, फक्त टाके उसवणार. तिनं हो म्हटल्याशिवाय मी एक टाकाही सोडणार नाही. भोक बुजत नाही, बाळा.

रविवारी सकाळी आईला घेऊनच ये. दुपारी नको, दुकान बंद असतं. जॅकेट घडी घालून पिशवीत कोंबून आणू नकोस. रुंद खांद्याच्या हँगरवर अडकवून, वर सुती चादर टाकून आण. आणि आतून जो टी-शर्ट घालणार असशील, तोच घालून ये, माप त्यावरच घेतो.

तुझा,
काका